पंधरा किलोचा डबा, १२९ची डाळ आणि माझे ९४२ रुपये ३२ पैसे

एका सुपरमार्केटच्या बिलात माझे ९४२ रुपये ३२ पैसे गेले. रक्कम छोटी आहे हे मला दुकानाच्या मॅनेजरपासून पोलीस स्टेशनपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं आहे, तेव्हा कृपा करून कोणी ते परत सांगू नका. त्या दुकानात रविवारी एका वेळेला आठ-आठ काउंटर चालू असतात आणि प्रत्येकासमोर रांग असते. तेव्हा हा प्रश्न माझ्या एकटीच्या नऊशे रुपयांचा नाही.

नागपूरच्या रिंग रोडवरचं डिस्काउंट सुपरमार्केट आहे. प्रकरण मी ग्राहक आयोगात नेते आहे म्हणून नाव इथे लिहीत नाही. ‘रोज स्वस्त’वाली दुकानं कशी चालतात ते तुम्हाला माहीत आहेच. दोन-चार वस्तू खरंच स्वस्त ठेवायच्या, त्यांची पत्रकं वाटायची आणि माणूस आत आला की बाकीच्या सामानात वसूल करायचं. तेवढं मलाही कळतं आणि तेवढ्यावर माझी तक्रारही नाही, तो धंदा झाला. मी सांगते आहे ते त्याच्या पुढचं आहे.

मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं मे महिन्यात. अडीचशे माणसांचं जेवण, आचारी ठरलेला, त्याने यादी दिलेली. एरवी असं मोठं सामान आम्ही इतवारीच्या ठोक बाजारातूनच आणतो. तिथे मस्कासाथला ठरलेला दुकानदार आहे, सासऱ्यांपासूनचा. पण त्याच आठवड्यात मोबाईलवर या सुपरमार्केटचं पत्रक आलं: सोयाबीन तेल, पंधरा किलोचा डबा २,१९० रुपये. फटका प्रतीची तूरडाळ, १२९ रुपये किलो. इतवारीत त्या दिवशी पंधरा किलोच्या डब्याचा भाव २,३४० होता, मी स्वतः फोन करून विचारला होता. एका डब्यामागे दीडशे रुपयांचा फरक दिसत असताना, लग्नघरी, कोणती बाई तो सोडेल? शिवाय ४४-४५ डिग्रीच्या उन्हात इतवारीच्या गल्ल्यांमध्ये गाडी घालण्यापेक्षा एसीमध्ये सगळं एका ठिकाणी मिळतं. मला यात आजही काही चुकीचं वाटत नाही.

बिल झालं १३,७६४ रुपये. त्याच्या खाली मोठ्या अक्षरात ‘आपली आजची बचत १,८३७ रुपये’.

आता तो क्षण सांगते, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. ट्रॉली रिकामी करत होते. काउंटरचा स्क्रीन पूर्ण बिल करणाऱ्या मुलीच्या बाजूला वळवलेला, ग्राहकाला दिसणारच नाही असा. मी डाळीची पाकिटं वर ठेवायला वाकले तेव्हा बाजूने मला तो तिरपा दिसला. तूरडाळ, १४८. मला स्पष्ट दिसलं. मी म्हटलंसुद्धा, “अहो, डाळ १२९ची आहे ना? तिथे बोर्ड लावलाय.” ती मुलगी मान वर न करता म्हणाली, “लास्ट में माइनस हो जाता है मॅडम, टोटल में.” इतकं सहज, इतकं सवयीचं, की ते वाक्य तिला शिकवलेलं असणार याबद्दल मला आता शंका नाही. मागे रांग. एक गृहस्थ “चला ना ताई, लवकर” म्हणत होते. माझी मुलगी माझ्यासोबत पिशव्या भरत होती. मी थांबले असते, ट्रॉली तिथेच अडवली असती, तर दहा किलो डाळीचे १९० रुपये तिथेच परत मिळाले असते आणि कदाचित बाकीचंही त्याच वेळी उघडं पडलं असतं. पण मला सांगा, ज्या माणसाच्या हातात मशीन आहे तो सांगतो की शेवटी वजा होतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? मी घरचा हिशेब लिहिणारी बाई आहे, दुधाच्या खाड्यांचासुद्धा. फसवणूक तिने केली, त्या मॅनेजरने केली, ते पत्रक छापणाऱ्याने केली. मी फक्त विचारलं आणि मला खोटं उत्तर मिळालं.

(स्क्रीन तुमच्याकडे वळवलेला नसेल तर पहिली वस्तू ठेवायच्या आधी वळवायला सांगा. नाही वळवला तर सामान तिथेच सोडा. लाजू नका.)

साक्षगंधाच्या दोन दिवस आधी आचारी सामान बघायला आला. त्याने तेलाचा डबा नुसता उचलला आणि म्हणाला, “ताई, हा पंधरा किलोचा नाही. काहून घेतला असा?” मी डब्यावरचा मोठा १५ दाखवला. त्याने डबा फिरवून त्या आकड्याच्या खालचं वाचून दाखवलं. १५ लिटर. आणि शेजारी बारीक अक्षरात, १३.६५० किलो. सोयाबीन तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे एका डब्यात १ किलो ३५० ग्रॅम तेल कमी. दोन डबे घेतले होते, म्हणजे २ किलो ७०० ग्रॅम. पत्रकातल्या भावाने किलोला १४६ रुपये धरले तर ३९४ रुपये २० पैसे. आणि सगळ्यात संताप आणणारा हिशेब पुढे आहे: २,१९० भागिले १३.६५० करा. किलोला १६० रुपये पडले. इतवारीत १५६ने मिळत होतं. ‘स्वस्त’ डबा महाग होता.

डब्यावर लिटर छापलेलं आहे, तिथे कंपनी खोटं बोललेली नाही. खोटं बोललं ते दुकान, कारण पत्रकात आणि डब्यांच्या थप्पीवरच्या बोर्डवर दोन्हीकडे ‘किलो’ लिहिलं होतं. पत्रक माझ्या मोबाईलमध्ये आहे. बोर्डचा फोटो नाही. ज्या वस्तूसाठी तुम्ही दुकानात गेलात तिच्या बोर्डचा फोटो आधी काढा, मग वस्तूला हात लावा.

आचारी गेल्यावर मी सगळं सामान दिवाणखान्यात मांडलं आणि बिलाची एक-एक ओळ घेऊन बसले. पाच किलोच्या साखरेच्या पिशव्या घरात पाच, बिलावर सहा. एक पिशवी स्कॅन करून संख्या हाताने टाकली होती. २१९ रुपये. मग मला काजूची शंका आली. अर्धा-अर्धा किलोची चार पाकिटं, दुकानातच भरलेली, प्रत्येकी ४७० रुपये. आमच्या शेजारी सराफ आहेत, त्यांच्या काट्यावर ह्यांनी पाकिटं न उघडता मोजून आणली. ४६४, ४६१, ४६८ आणि ४५९ ग्रॅम. पिशवीसकट! चार पाकिटांत १४८ ग्रॅम कमी, १३९ रुपये १२ पैसे. पिशवीचं वजन वेगळं वजा करा, म्हणजे आणखी कमी. पाकिटावर वजनाचं आणि किमतीचं एक स्टिकर, बाकी काही नाही. कोणी भरलं त्याचं नाव-पत्ता नाही, कोणत्या महिन्यात भरलं ते नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे हे सगळं पाकिटावर असावं लागतं आणि निव्वळ वजनात वेष्टन धरता येत नाही. ५०० ग्रॅमच्या पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात चालवून घेतात. इथे सगळ्यात चांगल्या पाकिटातसुद्धा ३२ ग्रॅम नव्हते.

१९०, ३९४.२०, २१९ आणि १३९.१२. बेरीज करून बघा.

दुकानात गेले तर मॅनेजर आधी बसा म्हणाला, पाणी मागवलं. मग डाळीबद्दल म्हणाला की लेबल जुनं होतं, सिस्टममधला भाव खरा. “आणि मॅडम, पाकिटावर एमआरपी १६५ आहे, आम्ही १४८ घेतले, म्हणजे तुमचा फायदाच झाला.” हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून लक्षात ठेवा: एमआरपीपेक्षा कमी घेतलं म्हणजे हिशेब संपला असं नाही. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. बोर्डवर लिहिलेला भाव हे दुकानाने गिऱ्हाइकाला दिलेलं वचन आहे. स्वस्त भावाची जाहिरात करायची आणि त्या भावाने द्यायचंच नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेली आहे. मी हे बोलले तेव्हा त्याचा आवाज बदलला. साखरेसाठी सीसीटीव्ही बघायला मागितला तर “हेड ऑफिसची परवानगी लागते.” काजू “उन्हाने सुकतात.” बंद पाकिटातले, एसीत ठेवलेले काजू अर्ध्या किलोमागे चाळीस ग्रॅम सुकतात! शेवटी १९० रुपयांची क्रेडिट नोट देऊ केली, म्हणजे तेवढ्याचा माल परत त्यांच्याकडूनच घ्यायचा. मी घेतली नाही. तुम्हीही घेऊ नका, कारण त्यावर ‘पूर्ण समाधान’ अशी ओळ असते आणि खाली तुमची सही.

पोलीस स्टेशनमध्ये टेबलावरच्या साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. “ताई, हे सिव्हिल मॅटर आहे. नऊशे रुपयांसाठी कुठे फिरून राहिले तुम्ही?” भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं आहे, त्यात रक्कम नऊशेच असेल तर फसवणूक नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. मी ते म्हटल्यावर ते हसले. शेजारी बसलेला शिपाईही हसला. मला निदान एक पोच द्या म्हटलं, तीही दिली नाही. जाणार असाल तर तक्रार दोन प्रतींत लिहून न्या आणि पोच मिळत नसेल तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, तशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

मग ज्या सरकारी कार्यालयाचं काम वजनं-मापं तपासणं आहे तिथे. इथे मला वाटलं होतं की निदान माझं बोलणं समजेल. पहिल्यांदा संबंधित साहेब दौऱ्यावर. मग अर्जाचा नमुना बदललेला. मग तीन प्रती. मग बिल बघून म्हणाले, अक्षरं वाचता येत नाहीत. आणि ते खरं होतं! त्या थर्मल कागदावरची शाई उन्हाळ्यात टिकत नाही, पर्समध्ये फिरवून-फिरवून बिल अर्धं पांढरं झालं होतं. बिल मिळालं त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोटो काढा. नशिबाने ह्यांनी आधीच फोटो काढला होता. काजूचं एक पाकीट मी न उघडता ठेवलं होतं, ते पुढे केलं तर म्हणाले एका पाकिटावरून काही सिद्ध होत नाही, दुकानात जाऊन नमुने घ्यावे लागतात, माणसं कमी आहेत. जाऊ, बघू. आणि मग काय झालं असेल? काही दिवसांनी माझी बहीण त्या दुकानात गेली तर काजूच्या पाकिटांवर नवी कोरी स्टिकरं, नाव-पत्ता-महिना सगळं. तेलाच्या बोर्डवर ‘लि.’ आलं होतं. दुकानाला आधी कसं कळलं हे मला कोणी सांगेल का? माझ्या अर्जावर आजपर्यंत उत्तर नाही. माझ्या करातून पगार घेणारी माणसं मला सांगतात की माझं नुकसान मोजण्याइतकं मोठं नाही, आणि त्याच आठवड्यात कॉटन मार्केटमधल्या भाजीवाल्या बाईचा काटा उचलून नेतात. तिच्यासाठी बरोबर माणसं असतात.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. वकील लागत नाही, स्वतः बाजू मांडता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून साक्षगंध-लग्नाच्या गडबडीत राहून गेलं असेल तरी वेळ गेलेली नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करा, तिथला तक्रार क्रमांक पुढे कागदपत्रांत लावता येतो. नोटीस दुकानाला आणि त्याच्या कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्याला, दोन्हीकडे पाठवा. दुकानवाले हेड ऑफिसवर ढकलतात आणि हेड ऑफिस दुकानावर.

आणखी एक. तेल, डिटर्जंट, चहा, काहीही असो, पाकिटाच्या आकारावर जाऊ नका. आता तेलाच्या पिशव्या ८०० आणि ८५० ग्रॅमच्याही येतात, शेल्फवर एक लिटरच्या शेजारीच लावलेल्या. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर (मोठ्या पाकिटावर प्रति किलो किंवा प्रति लिटर) भाव छापलेला असतो, तो वाचा. दोन पाकिटांची तुलना तिथेच करा. मुलांना वाचायला लावा, त्यांची नजर चांगली असते.

ज्यांनी मे महिन्यात रिंग रोडवरच्या दुकानातून २,१९० रुपयांचा डबा किंवा १२९ची डाळ घेतली असेल, त्यांनी बिल आणि ते पत्रक जपून ठेवा. २०१९च्या कायद्याच्या कलम ३५मध्ये एकाच प्रकारे फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करता येते आणि ती मला करायची आहे. तेल संपलं असेल तरी डबा भंगारवाल्याला देऊ नका, त्यावरचं १३.६५० किलो वाचता आलं पाहिजे.