डक्टच्या अस्तरासाठी कोणती चाचणी: सरकता मायक्रोफोन, दोन, चार की थेट डक्ट?

कळंगुटच्या हॉटेलातला जनरेटर-खोलीचा एक्झॉस्ट डक्ट असो की पणजीतल्या सभागृहाचा एसी, आतलं अस्तर निवडताना पुरवठादार एकच आकडा पुढे करतो: शोषणांक (आदळलेल्या ध्वनिऊर्जेचा किती हिस्सा शोषला जातो तो) ०.८. हा आकडा कशात मोजला, हे आधी विचारा. तेच ग्लासवूल इम्पीडन्स ट्यूबमध्ये (एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला नमुना असलेली नळी) एक आकडा देतं, निनाद-कक्षात (आवाज घुमत राहणारी रिकामी खोली) दुसरा. डक्टमध्ये प्रत्यक्ष किती डेसिबल कमी होतात, ते या दोन्हींतून थेट कळत नाही.

सरकता मायक्रोफोन

ही सगळ्यांत जुनी पद्धत, आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०५३४-१. इम्पीडन्स ट्यूबच्या, म्हणजे नळीच्या, एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला नमुना. एकाच वारंवारतेचा सूर सोडायचा, आत स्थिर तरंग तयार होतो, आणि मायक्रोफोन सरकवत सर्वांत मोठा व सर्वांत लहान दाब शोधायचा. दोन्हींतला फरक १० डेसिबल आला तर शोषणांक ०.७३, २० आला तर ०.३३. कॅल्क्युलेटर पुरतो. दोन मायक्रोफोन एकमेकांशी जुळवण्याची भानगडही नाही.

अडचण वेळेची आणि लांबीची. प्रत्येक वारंवारतेला वेगळं मोजमाप करावं लागतं. १०० हर्ट्झला तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर. नमुना कडक असेल तर पहिला किमान बिंदू नमुन्यापासून ८६ सेंटीमीटरवर आणि त्यानंतरचा कमाल बिंदू १.७ मीटरवर सापडतो. नळी त्याहून लांब हवी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवायला याहून चांगली पद्धत नाही. रोज दहा नमुने तपासायचे असतील तर मात्र हिच्या नादी लागू नका.

दोन मायक्रोफोन

आयएसओ १०५३४-२. स्पीकरमधून सगळ्या वारंवारतांचा गोंगाट एकदम सोडायचा, भिंतीत बसवलेल्या दोन मायक्रोफोनवरच्या दाबांचं गुणोत्तर संगणकाने काढायचं. मिनिटाभरात पूर्ण आलेख हातात. बहुतेकांनी हीच पद्धत घ्यावी, पण ती कुठे फसवते ते माहीत असायला हवं.

पहिली मर्यादा व्यासाची. गोल नळीत सरळ तरंग (पूर्ण छेदात दाब सारखा असलेला) टिकण्याची वरची सीमा साधारण ०.५८ गुणिले ध्वनिवेग भागिले व्यास. गोव्यात खोलीचं तापमान ३० अंश धरलं तर ध्वनिवेग सेकंदाला ३४९ मीटर. म्हणजे १०० मिलिमीटरची नळी सुमारे २००० हर्ट्झपर्यंत चालते, ३० मिलिमीटरची साधारण ६७०० पर्यंत. दुसरी मर्यादा मायक्रोफोनमधल्या अंतराची. ते तरंगलांबीच्या ५ टक्क्यांहून कमी झालं की दोघांच्या फेजमधला (तरंगाच्या टप्प्यातला) फरक इतका बारीक होतो की चूक त्याला गिळून टाकते. ५० मिलिमीटर अंतर ठेवलं तर ३५० हर्ट्झच्या खाली फारसा विश्वास ठेवू नये. ब्लोअरची घरघर तर त्याच्याही खाली असते. म्हणून नळीला तिसरं भोक पहिल्यापासून १५० मिलिमीटर अंतरावर पाडून ठेवा. ती जोडी सुमारे ११५ ते १०४५ हर्ट्झ सांभाळते.

मायक्रोफोन महाग नसले तरी चालतं, कारण अदलाबदल करून चूक काढता येते. एकदा मोजा, मग वायरी न बदलता दोन्ही मायक्रोफोनच्या जागा बदला, पुन्हा मोजा. हे करताना नळीत चांगला शोषक नमुना ठेवा. तापमान मात्र खरंच मोजून प्रोग्रॅममध्ये भरा. पूर्वनिर्धारित २० अंश तसेच राहिले की ध्वनिवेगात पावणेदोन टक्क्यांची चूक होते आणि इम्पीडन्सचा (नमुना ध्वनीला किती विरोध करतो त्याचा) आलेख सरकतो.

नळी कशाची? प्लंबिंगची ११० मिलिमीटरची पीव्हीसी स्वस्त, पण भिंत स्वतःच थरथरते आणि ते कंपन शोषण म्हणून मोजलं जातं. धातूच्या गोल नळीची भिंत व्यासाच्या ५ टक्के तरी जाड असावी, नमुन्यामागचा दट्ट्या (नळीचं टोक बंद करणारी जाड चकती) किमान २० मिलिमीटर धातूचा. पीव्हीसीच वापरायची असेल तर बाहेरून दुसरी मोठी नळी घालून मधल्या जागेत सुकी वाळू भरा. तपासणी सोपी आहे: नमुना न घालता फक्त दट्ट्या लावून मोजा. शोषणांक शून्याजवळ आला नाही तर मायक्रोफोनच्या भोकांभोवती किंवा दट्ट्याच्या कडेला हवा गळते आहे.

तरीही सर्वाधिक चुका नमुना कापताना होतात. सैल बसला तर कडेच्या फटीतून हवा जाते आणि शोषण जास्त दिसतं. घट्ट कोंबला तर तंतूंचा सांगाडा भिंतीला अडकतो, आलेखात भलतीच दरी किंवा टेकडी येते. कात्रीने कापू नका. धारदार कडेची नळी गोल फिरवत दाबा, आणि उरलेली बारीक फट व्हॅसलिनने बुजवा. तीन नमुने तरी घ्या. काथ्याच्या गादीसाठी पाच-सहा, कारण तिची घनता एका हाताच्या अंतरावर बदलते.

चार मायक्रोफोन

नमुन्याच्या पुढे दोन, मागे दोन, अमेरिकी मानक एएसटीएम ई२६११. शेवटचं टोक एकदा उघडं आणि एकदा शोषक भरून, असं दोनदा मोजतात. यातून पदार्थातून ध्वनी किती पार जातो ते कळतं. पडदा, जड रबर, डक्टभोवती गुंडाळायचं आवरण यांसाठी ठीक. आतल्या अस्तरासाठी हा खर्च वाया.

निनाद-कक्ष आणि थेट डक्ट

निनाद-कक्षाला (आयएसओ ३५४) सुमारे २०० घनमीटरची खोली आणि १० ते १२ चौरस मीटर नमुना लागतो. छतासाठी योग्य. शोषणांक १ च्या वर गेला तरी घाबरू नका, कडांमुळे तसं होतं.

थेट डक्टची चाचणी म्हणजे आयएसओ ७२३५. आधी साधा डक्ट, मग त्याच जागी अस्तर लावलेला. दोन्हींतला फरक हीच खरी घट. वाहत्या हवेचा आवाज आणि दाबातली घटही त्यात मिळते. नळीत ध्वनी नमुन्यावर समोरून आदळतो, डक्टमध्ये तो अस्तराला घासत जातो. म्हणूनच नळीचा आकडा डक्टच्या हिशेबात तसाच घालणं चूक.

किती चूक, ते बघा. अंदाजासाठी जुनं सूत्र आहे: दर मीटरला घट म्हणजे १.०५ गुणिले शोषणांकाचा १.४ वा घात, गुणिले परिघ भागिले क्षेत्रफळ. ४०० बाय ४०० मिलिमीटर डक्टसाठी शेवटचं गुणोत्तर १०. शोषणांक ०.६ धरला तर मीटरला ५.१ डेसिबल, ०.८ धरला तर ७.७. तीन मीटरला फरक जवळपास ८ डेसिबलचा, आणि तो नमुन्याच्या कडेच्या एका फटीतूनही येऊ शकतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल असताना हे ८ डेसिबल म्हणजे तक्रार येणं किंवा न येणं.

म्हणून अस्तर पुरवणारे दोन-तीन जण असतील आणि कोणाचं सरस एवढंच ठरवायचं असेल, तर दोन मायक्रोफोनची नळी पुरे. सायलेन्सर (डक्टमध्ये बसवायचा तयार आवाजरोधक) विकत घेताना आयएसओ ७२३५ चा अहवाल मागा, शोषणांकावर सही करू नका. मोजमाप जून ते सप्टेंबरमध्ये करणार असाल तर नमुना आदल्या रात्री एसी खोलीत उघडा ठेवा, मायक्रोफोन सिलिका जेलच्या डब्यात. आणि पत्र्याच्या छपराखाली पाऊस कोसळत असताना मोजायला बसू नका.