विश्रामबागचं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान: स्लीपमधनं न उठणाऱ्या डेस्कटॉपसाठी गेले होते

हा रिव्ह्यू जरा मोठा होणार आहे. सांगलीत कॉम्प्युटर कुठंही दाखवा, पहिल्यांदा फॉरमॅट मारायची भाषा होते, आणि या दुकानात फॉरमॅटचा विषय मी काढल्यावर निघाला, तो पण "त्याची काय गरज नाही ताई" एवढ्यावर संपला. ज्यांच्या मशीनवर रोजचं कामाचं सगळं आहे त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल.

तक्रार काय होती ते आधी सांगते. मार्केट यार्डातल्या हळद आणि बेदाण्याच्या अडत्यांचे अकाउंट्स मी घरनं बघते, टॅली दिवसभर उघडीच असते. मधे जेवायला उठलं किंवा बँकेत जाऊन आलं की मशीन आपोआप स्लीपला गेलेलं असायचं, आणि परत येऊन कीबोर्डचं बटण दाबलं की सीपीयूचा फॅन फिरायला लागायचा, पुढची लाईट लागायची, पण स्क्रीन काळी ती काळीच. माऊस हलवा, एंटर दाबा, मॉनिटर बंद चालू करा, काही नाही. मग पॉवर बटण दाबून धरायचं, त्यानं पण झालं नाही तर मागची पॉवर केबल काढून थोडा वेळ थांबायचं आणि परत लावायची, की मग चालू. आधी कधीतरी व्हायचं, पुढं पुढं रोजचंच झालं. टॅली उघडी असताना मशीन असं जबरदस्तीनं बंद करणं म्हणजे डेटाची भीती, आणि महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्न असतात तेव्हा तर जीव टांगणीला लागतो.

आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, त्यांनी मशीन चालू सुद्धा न करता सांगितलं की विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारू, त्यानं पण नाही झालं तर मदरबोर्ड गेला समजा, त्यापेक्षा नवीनच घ्या. मी सीपीयू उचलून परत आणला. मग नणंदेनं विश्रामबागचं हे दुकान सांगितलं, तिच्या मुलाचा लॅपटॉप इथंच होतो.

दुकान लहान आहे, समोर पार्किंगची बोंब आहे, शंभर फुटीकडनं येणार असाल तर सीपीयू हातात घेऊन थोडं चालायची तयारी ठेवा. आत गेल्यावर मी सगळं सांगितलं आणि दुकानवाल्या दादांनी पहिला प्रश्न हा विचारला की "ताई, स्क्रीन उठंना का मशीन उठंना?" मला फरकच कळला नाही, तर त्यांनी समजावून सांगितलं की काळी स्क्रीन दोन्हीत दिसते पण रोग वेगवेगळा. स्क्रीन काळी असताना कॅप्स लॉक दाबायचं आणि कीबोर्डवरची बारकी लाईट लागते का बघायची. लागली विझली तर मशीन आतनं जागं झालंय, फक्त चित्र येत नाही, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा केबल किंवा मॉनिटर यातलं काहीतरी. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, बऱ्याचदा तेवढ्यानंच स्क्रीन परत येते आणि उघडं काम पण जसंच्या तसं राहतं. पण कॅप्स लॉकची लाईट ढिम्म हलली नाही तर मशीनच उठलेलं नाही, तिथं ड्रायव्हरच्या मागं लागून उपयोग नाही. तिथंच काऊंटरवर मशीन लावलं, स्लीपला टाकलं, परत उठवलं, तर लाईट काय हलली नाही.

इथनं पुढं जे झालं ते मला सगळ्यात आवडलं, कारण माणूस अंदाजानं पार्ट बदलत बसला नाही. पहिल्यांदा कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून पॉवरसीएफजी स्लॅश ए अशी कमांड मारली, त्यात मशीनला कुठल्या कुठल्या प्रकारची झोप येते ते दिसतं. माझ्याकडं एस थ्री दिसलं. म्हणजे काय, तर प्रोसेसर, डिस्क, फॅन सगळं बंद होतं, फक्त रॅमला थोडा करंट मिळत राहतो आणि उघडं काम त्या रॅममध्येच धरून ठेवलेलं असतं. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून तारखेप्रमाणं कर्नल-पॉवर 41 च्या नोंदी दाखवल्या, एकाखाली एक लाईनच लागलेली. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं, कारण नाही सांगत, हे पण त्यांनी स्वतःहून सांगितलं, नाहीतर तोच आकडा दाखवून कुणीही म्हणू शकतं की बघा मदरबोर्ड गेला.

मग हायबरनेट करून बघितलं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, करंट लागतच नाही. त्यातनं माझं मशीन दरवेळी व्यवस्थित उठलं. स्लीपमधनं उठत नाही पण हायबरनेटमधनं उठतं, याचा अर्थ विंडोज आणि ड्रायव्हरवर संशय कमी झाला आणि झोपेत रॅमला जो करंट मिळायला पाहिजे त्याच्यावर वाढला. मी बाजूला उभी राहून ऐकत होते, आणि फॉरमॅट कशाला नको ते मला त्या क्षणी कळलं.

पुढचा प्रश्न होता, सीपीयूला मागं काय काय लावता? मी सांगितलं प्रिंटर, बॅकअपची हार्डडिस्क, आणि मोबाईल तर चार्जिंगला कायम त्यालाच असतो. दादा हसले. एसएमपीएस म्हणजे सीपीयूच्या आतला वीज पुरवणारा डबा, त्यातनं एक वेगळी 5 व्होल्टची लाईन येते, जांभळी वायर, मशीन बंद असलं तरी पिन लावलेली असेपर्यंत ती चालू असते. स्लीपमध्ये रॅम त्याच लाईनवर जगते, कीबोर्ड माऊस पण त्याच्यावरच जागे असतात, आणि बऱ्याच मदरबोर्डवर यूएसबीला लावलेला मोबाईल सुद्धा झोपेत तिथनंच चार्ज होतो. मुळात या लाईनची ताकद कमी, त्यात एसएमपीएस जुना होऊन आतले कपॅसिटर उन्हानं आणि धुळीनं थकले की रात्रभर मोबाईल ओढतोय, हार्डडिस्क ओढतेय आणि रॅमला पुरेना झालं. यूएसबीचं सगळं काढून स्लीपला टाकलं तर मशीन उठलं, परत टाकलं, परत उठलं. मोबाईल आणि हार्डडिस्क लावली की मेलं. मग मल्टीमीटर जांभळ्या वायरला लावून मला आकडा दाखवला, नियमानं 4.75 ते 5.25 मध्ये पाहिजे, स्लीपमध्ये जाताना आकडा साडेचारच्या खाली घसरताना मी डोळ्यानं बघितला. शेवटी दुकानातला चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून तेच सगळं परत केलं, मोबाईल लावून, हार्डडिस्क लावून, आणि मशीन दरवेळी उठलं. एवढं झाल्यावरच म्हणाले की "एसएमपीएस बदला, बाकी कशाला हात लावायचा नाही."

घरी कुणी हे करायला जाऊ नका, निदान एसएमपीएसचा डबा तरी उघडू नका, पिन काढल्यावर सुद्धा आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. त्यांनी मला जुना डबा उघडून दाखवला तो पण बराच वेळ ठेवून, आणि आत एक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला स्पष्ट दिसत होता. जुना पार्ट ग्राहकाला दाखवणं, न्यायचा का विचारणं, हे किती दुकानात होतं सांगा.

आता पैशाचं. तपासायचे 300 रुपये घेतात, काम तिथंच केलं तर ते बिलात वजा करतात. एसएमपीएसचे दोन पर्याय ठेवले, एक हजाराच्या आतला लोकल, त्याच्यावर जे वॅट लिहिलेत ते तो देईलच असं नाही हे त्यांनीच सांगितलं, आणि दुसरा 450 वॅटचा 80 प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवतो याचं रेटिंग) तीन वर्षांच्या वॉरंटीवाला, अडीच हजाराच्या थोडा वर. मी दुसरा घेतला. कुणी म्हणेल आधीच्या ठिकाणी तपासायचे पैसे घेत नव्हते, तर हो, नव्हते, कारण तपासतच नव्हते. माझ्या मते हे 300 रुपये या शहरात कॉम्प्युटरवर खर्च केलेले सगळ्यात वसूल पैसे आहेत, आणि असले प्रश्न विचारणारा माणूस टिकायचा असेल तर आपण तपासणीचे पैसे द्यायला शिकलं पाहिजे.

मशीन देताना मी न सांगता आणखी दोन गोष्टी करून दिल्या. एक म्हणजे बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) ती गोल बॅटरी, सीआर2032, जुनी झालेली म्हणून बदलली, त्याचे किरकोळ पैसे. दुसरं हायब्रिड स्लीप चालू केलं, त्यात स्लीपला जाताना रॅमबरोबर डिस्कवर पण कॉपी लिहिली जाते, म्हणजे पावसाळ्यात झोपेतच लाईट गेली तरी उघडं काम डिस्कवरनं परत येतं. आमच्या भागात जुलै-ऑगस्टला लाईटचा काय भरवसा नसतो, त्यामुळं हे मला फार उपयोगी पडलंय. आणि एक सवय लावायला सांगितली, मशीन विचित्र वागलं तर शटडाऊन करून चालू करण्यापेक्षा रिस्टार्ट करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर ठेवून तोच परत उचलला जातो, रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

सगळ्यांचा रोग माझ्यासारखाच असेल असं पण नाही. मिरजेच्या माझ्या मैत्रिणीचं मशीन कीबोर्डनं उठायचं नाही, पॉवर बटणानं मात्र छान उठायचं. तिला मी इथंच पाठवलं, तर बायोसमध्ये ईआरपी नावाची वीज वाचवायची सेटिंग चालू होती, ती चालू असली की काही मदरबोर्डवर झोपेत यूएसबीचा करंट तोडला जातो, मग कीबोर्डला उठवायची ताकदच राहत नाही. सेटिंग बंद केली, विषय संपला, आणि तिच्याकडनं पार्टचे पैसे घ्यायचा प्रश्नच आला नाही, फक्त तपासायचे घेतले. एसएमपीएस विकायचा असता तर तिला पण विकता आला असता.

आता जे आवडलं नाही ते. फोन उचलत नाहीत, दुपारी तर अजिबातच नाही, काम झालं का बघायला मला स्वतः जावं लागलं. खर्चाचा अंदाज तोंडी सांगतात, कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर देत नाहीत, माझ्याकडनं तोंडी सांगितलं तेवढेच घेतले पण दुसऱ्या कुणाला त्यावरनं वाद वाटू शकतो. जीएसटीचं बिल मागितल्यावरच मिळालं, आणि अकाउंट्सवाली म्हणून सांगते, ते मागाच, वॉरंटीला तेच लागणार आहे आणि त्यावर एसएमपीएसचा सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानात काम शिकणारा पोरगा आहे, चांगला आहे, पण दादा नसतील तर तो फक्त मशीन ठेवून घेतो, त्यामुळं समोर उभं राहून बघायचं असेल तर दादा आहेत का ते विचारूनच आत सीपीयू न्या.

नवा एसएमपीएस लावल्यापासनं मशीन रोज कितीतरी वेळा झोपतंय आणि उठतंय, दोन्ही रिटर्नच्या तारखा व्यवस्थित गेल्या. मोबाईल आता भिंतीच्या चार्जरला लावते. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा फोनसाठी कापला.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, गर्दी कमी असते. सीपीयूबरोबर यूएसबीला जे जे लावता ते पण पिशवीत घालून न्या, आणि घरनं निघायच्या आधी काळ्या स्क्रीनवर कॅप्स लॉकची लाईट हलते का नाही ते बघून ठेवा, पहिला प्रश्न तोच येणार आहे.