ज्युनियर लीग की कॉलेज, आइस हॉकीच्या पोरानं कुठं जावं?

नागपुरात सकाळी चहासोबत आइस हॉकी पाहणारे आम्ही मित्र यावर खूप वाद घालतो. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधे, म्हणजे साधारण सोळा ते वीस वयाच्या पोरांच्या लीगमधे, सीझनला 60 च्या वर मॅच, बसचे लंबे प्रवास, म्हणजे कोवळ्या वयातच प्रोसारखी सवय लागते, कॉनर मॅकडेव्हिड तिथूनच 2015 च्या NHL ड्राफ्टमधे (प्रो लीगच्या टीम नवे पोरं निवडतात तो कार्यक्रम) पहिला निवडला गेला. अमेरिकन कॉलेजात मॅच जवळपास निम्म्या, पण समोर बावीस-तेवीसचे दणकट गडी, अन् जिमला टाइम भेटते. मॅकलिन सेलेब्रिनी बोस्टन युनिव्हर्सिटीत एकच सीझन खेळला, 2024 च्या ड्राफ्टमधे तोही पहिला. फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा पुढचा गडी, अंगानं बारीक असला तर मी कॉलेजच म्हणीन बाप्पा, खांदे भरल्याशिवाय बोर्डजवळ (मैदानाच्या भिंतीजवळ) पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टिकत नाही. आधी ज्युनियर खेळलं की कॉलेजचा रस्ता बंद व्हायचा, 2025 पासून तो उघडला, गॅव्हिन मॅककेना मेडिसिन हॅट या कॅनडाच्या ज्युनियर टीममधून थेट पेन स्टेट या अमेरिकन युनिव्हर्सिटीत गेला.