हातानं काढलेल्या फ्रेम की रिग?

ॲनिमेटर आणि डिझायनर असे दोघंच टूडी गेम करायला बसला असाल, तर प्रत्येक चित्र हातानं काढायचं की तुकडे जोडून केलेली बाहुली, म्हणजे रिग, हलवायची, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात आडवा येतो. बडोद्यात, माणिकरावांच्या आखाड्याच्या गावात, आम्ही मल्लखांबावर गेम करतोय. ती ॲनिमेटर, मी डिझायनर. दोन्ही पद्धती वापरून पाहिल्यात.

साधी अढीच घ्या. पोरगा खांबाला पाय अडकवून उलटा होतो, अंग पिळतं, क्षणभर पाठ दिसते आणि लगेच छाती. रिगमध्ये हात, पाय, धड हे सपाट तुकडे हाडांना जोडलेले असतात. चालणं, पळणं, श्वास घेणं त्यात छान जमतं, पण अंग फिरलं की कागदी बाहुली दिसते. मेश, म्हणजे तुकड्यावरची ताणता येणारी जाळी, ताणून थोडं झाकलं जातं, पण पाठ मुळात काढलेलीच नसते. तिनं तीच अढी हातानं १४ फ्रेममध्ये काढली, आणि मांडीची पकड बसलेली पडद्यावर जाणवली. ते पाहून मी खरंच हरखलो.

मग अडचण आली ती टायमिंगची. सेकंदाला १२ चित्रं असतील आणि उडीआधी झुकण्याची तीन ठेवली, तर बटण दाबल्यावर पाव सेकंद जातो. खेळणाऱ्याला पोरगा जड वाटतो. मी दोन चित्रं गाळायला लावली, म्हणजे तिचं तेवढं काम वाया. रिगमध्ये हेच की-फ्रेम, म्हणजे हालचालीचे मुख्य टप्पे, सरकवून मिनिटांत होतं. कमरपट्टा बदलायचा तर तिथे एकच तुकडा बदलतो. हातकामात प्रत्येक फ्रेम पुन्हा.

मेमरीतही रिग पुढे. ५१२ बाय ५१२ ची एक फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय १ एमबी घेते, रिगला मात्र तेच तुकडे पुन्हा पुन्हा पुरतात. पैशाचा प्रश्न फारसा नाही: चित्रं काढायचं क्रिता आणि गेम बांधायचं गोडो दोन्ही फुकट, आणि गोडोमध्ये हाडांची सोय आहेच.

हातकामच करायचं ठरलं तर २०१७ चा हॉलो नाइट हा गेम बघा. ॲडलेडच्या टीम चेरीतले एरी गिब्सन ॲनिमेशनचे, विल्यम पेलेन डिझाइनचे. त्यांचा नायक मोजक्या रेषांचा आहे. लहान टीमला फ्रेम-बाय-फ्रेम पेलायचं तर पात्र असंच हवं. आमच्या पोराच्या अंगावरचे दागिने आम्ही त्यासाठीच काढून टाकले.

माझं मत सांगतो. डिझायनर अजून उडीची उंची बदलत असेल, तर हातानं एकही फ्रेम काढू नका. आधी नुसत्या चौकोनांवर खेळ पक्का करा. ती मला तेच म्हणाली होती, "अरे, तुझं ठरू दे, मग मी काढते."

आता खांबावरच्या कसरती हातानं, आणि वस्ताद, प्रेक्षक, कबुतरं रिगवर. शेजारी ठेवल्यावर रिग फार गुळगुळीत हलायचं आणि डोळ्याला खुपायचं. त्याच्या हालचाली सेकंदाला १२ टप्प्यांवर आणल्या आणि रेषेची जाडी सारखी केली, तेव्हा वस्ताद आणि पोरगा एकाच आखाड्यातले दिसायला लागले.