एकट्या पालकाच्या मुलांसाठीची स्मृती स्कॉलरशिप: चार वर्षं घेतली, आता मोकळेपणाने लिहिते

गेल्या महिन्यात माझा शेवटचा हप्ता जमा झाला. चार वर्षं, आठ हप्ते, एकही बुडला नाही. आता माझा धाकटा भाऊ त्याच स्कॉलरशिपचा फॉर्म भरतोय आणि परवा त्याच्या शेजारी बसले होते तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं, कारण मी फॉर्म भरत होते तेव्हा कोणीतरी घेऊन झालेल्या माणसाने चार गोष्टी सांगाव्यात म्हणून मी रात्र रात्र शोधत बसायचे आणि सापडायचं काय, तर शेवटची तारीख आणि पात्रता. बाकी कोणी काही लिहीतच नाही.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्या कुटुंबाने सुरू केलीय त्यांना प्रसिद्धी नको असते, ते कॉलेजांमार्फतच मुलांपर्यंत पोचतात. पण अशा स्मृती स्कॉलरशिप भरपूर आहेत आणि बऱ्याच गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात, त्यामुळे वाचा, उपयोग होईल.

स्टार द्यायचे तर ५ पैकी ४. एक का कापला ते पुढे येईलच.

ही स्कॉलरशिप एका नर्सच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्यांच्या तीन मुलांनी सुरू केलीय. त्या एकट्या होत्या, रात्रपाळ्या करून तिघांना शिकवलं, आणि त्या गेल्यावर मुलांनी त्यांच्या साठवलेल्या पैशात स्वतःची भर घालून फंड उभा केला. निवड झाल्याच्या पत्रासोबत एक झेरॉक्स येते. मला आधी कळेना हे काय आहे. त्यांच्या थोरल्या मुलीचं जुनं प्रगतिपुस्तक होतं ते, खाली सहीच्या दोन ओळी, एक वडिलांची एक आईची, आणि दोन्ही ओळींवर एकच सही. त्याच पेनाने, त्याच वळणाची, दुसरी जरा घाईत केलेली. पत्रात त्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नव्हता, नुसती झेरॉक्स. माझ्या आईने ती हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर ती एका ओळीवर सही करायची आणि दुसरीवर एक आडवी रेघ मारायची, आणि मी दर वेळी ते वर्गात उलटं धरून द्यायचे. इथे कोणीतरी तेच प्रगतिपुस्तक अभिमानाने जपून ठेवलं होतं आणि मुद्दाम आम्हाला पाठवलं होतं.

आता कामाचं. सगळ्यात आधी घोडं अडतं ते कागदपत्रांवर. "सिंगल पेरेंट" म्हणजे नक्की कोण? आई किंवा वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाची ऑर्डर असते. माझे वडील मी सात वर्षांची असताना निघून गेले. वारले नाहीत, घटस्फोट नाही, कुठे आहेत ते माहीत नाही. असल्या घराचा दाखला कुठलं ऑफिस देतं? फॉर्ममध्ये यादीत तीनच पर्याय, मृत्यू, घटस्फोट, विभक्त. मी दोन दिवस त्या यादीकडे बघत बसले आणि सोडूनच देणार होते, आई म्हणाली अगं फोन तर करून बघ, नाही म्हणाले तर नाही म्हणतील. केला. पलीकडच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी पाठवायला सांगितल्या: आईचं ॲफिडेव्हिट, शाळेचं पत्र की प्रवेशापासून पालक म्हणून फक्त आईच येते आणि सही करते, आणि नात्यात नसलेल्या पण घर ओळखणाऱ्या एका माणसाचं पत्र. बास. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा तुमची गोष्ट यादीत बसत नसेल तर आपण बसत नाही असं धरून चालू नका, आधी विचारा. आणि शाळेचं पत्र आधी मागा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मग निबंध. मी पाच-सहा ठिकाणी अर्ज केले होते आणि जवळपास सगळीकडे एकच प्रश्न फिरवून फिरवून, तुमच्या आयुष्यातल्या अडचणींचं वर्णन करा. तेच तेच लिहून मला स्वतःचाच राग यायला लागला होता, प्रत्येक वेळी वडील निघून गेल्याचा दिवस थोडा आणखी काळा रंगवायचा, कारण वाटायचं तेवढ्याने नंबर लागेल. इथला प्रश्न होता, तुमच्या घरातला एक नेहमीचा दिवस ५०० शब्दांत लिहा. एवढंच. मी आईचा पगाराचा दिवस लिहिला. ती एका कागदाला घड्या घालून चार रकाने करते, भाडं, शिक्षण, घरखर्च, आणि चौथ्यावर लिहिते "अचानक". चौथ्यात जेमतेम काही उरतं पण तो रकाना ती कधी पुसत नाही, आणि महिनाअखेरीला त्यातलं काही उरलं असेल तर तो कागद फ्रीजवर लावून ठेवते. एवढंच लिहिलं होतं, वडिलांचा उल्लेख एका ओळीत.

इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर होता, वीस मिनिटं. काय शिकायचंय, का, भावाला शाळेतून आल्यावर कोण बघतं, आईची ड्युटी कुठल्या वेळेची, घरात अभ्यासाला शांत जागा आहे का. वडील कुठे आहेत हे एकदाही विचारलं नाही. कागदपत्रात ते एकदा आलं होतं आणि त्यांनी तिथेच ठेवलं. मला वाटतं मी जे चार स्टार देतेय त्यातले दोन याचेच आहेत. मदत घ्यायला जाताना आपलं दुःख सोलून दाखवावं लागतं ही जी सवय आम्हा मुलांना लागते ना, ती फार वाईट असते, आणि इथे ती लागू दिली नाही. फोटोचंही तसंच, फॉर्ममध्ये वेगळा चौकोन आहे की तुमचा फोटो आणि गोष्ट कुठे छापली तर चालेल का, मी नाही म्हटलं, त्याने निवडीत काही फरक पडला नाही.

पैशाबद्दल आता, कारण इथे मी पहिल्या वर्षी चांगलीच पोळले. स्कॉलरशिपचा पहिला हप्ता थेट कॉलेजच्या खात्यात गेला. मला कॉलेजकडून आधीच फीमध्ये थोडी सवलत होती. बाहेरून पैसे आले म्हटल्यावर कॉलेजने काय केलं, तर जवळपास तेवढीच सवलत कापली. म्हणजे पैसे आले, घेतले गेले, आणि माझ्या हाताला काही लागलंच नाही. मला वाटलं हे माझ्याच बाबतीत झालं, पण नंतर कळलं की हे बऱ्याच ठिकाणी होतं, बाहेरची मदत आली की संस्था स्वतःची मदत तेवढी मागे घेते, आणि नियमात ते लिहिलेलंही असतं, फक्त विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. मी रडकुंडीला येऊन स्कॉलरशिपवाल्या मॅडमना फोन केला. त्यांनी दुसऱ्या हप्त्यापासून रक्कम पुस्तकं, लॅपटॉप आणि राहण्याच्या खर्चासाठी म्हणून माझ्या खात्यात द्यायला सुरुवात केली, पत्रावर तसं स्पष्ट लिहून. तेव्हा स्कॉलरशिप मिळाली की आनंदात लगेच कॉलेजला कळवायच्या आधी फी ऑफिसला लेखी विचारा, बाहेरची स्कॉलरशिप आली तर माझी सवलत कमी होणार का आणि किती. उत्तर हातात आल्यावर मग देणाऱ्यांशी बोला की पैसे कुठे आणि कशासाठी पाठवायचे. जी कुटुंबं अशा स्कॉलरशिप चालवतात ना, त्यांचं बहुतेक म्हणणं असतं की मुलाला मदत व्हावी, कॉलेजला नाही, त्यामुळे ते ऐकतात.

रक्कम पुरते का? पूर्ण नाही. माझी साधारण अर्धी फी निघाली असती एवढी. आधी मला वाटायचं एवढा फंड आहे तर जास्त मुलांना किंवा जास्त रक्कम का देत नाहीत. मग त्यांनीच एका पत्रात समजावलं. मुद्दल हलवायचं नाही आणि कमाईवर चालवायचं असेल तर वर्षाला गंगाजळीच्या ४ ते ५ टक्क्यांच्या आसपासच खर्च करता येतो, असं बरेच फंड करतात. म्हणजे एका मुलाला वर्षाला जेवढे द्यायचे त्याच्या २० ते २५ पट पैसे आधी बाजूला काढून ठेवावे लागतात. हे वाचल्यावर त्या तीन भावंडांबद्दल माझा आदर फार वाढला. आमच्या वर्षी आम्ही तिघंच होतो.

निबंधाच्या तयारीत मी जुन्या स्कॉलरशिपबद्दल वाचत होते, त्यात एक सापडलं ते मनात राहिलं. हार्वर्डची पहिली स्कॉलरशिप १६४३ सालची, लंडनच्या ॲन रॅडक्लिफ म्हणून एक विधवा बाई होत्या, त्यांनी एका गरीब विद्यार्थ्याच्या खर्चासाठी १०० पाउंड दिले होते. अडीचशे वर्षांनी, १८९४ मध्ये, तिथल्या मुलींच्या कॉलेजला त्यांचंच नाव दिलं गेलं. १६४३ मध्ये हार्वर्डमध्ये मुलींना प्रवेशच नव्हता, तरी पैसे एका बाईने दिले होते. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, एकट्या बाईला पैशाची किंमत बरोबर कळते.

गुणांची अट आहे, दर वर्षी सरासरी ६० टक्के. दुसऱ्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, घर, भाऊ, हॉस्पिटल सगळं माझ्यावर, आणि माझे दोन पेपर गेले. मी धरूनच चालले होते की आता बंद. लपवायचाही विचार आला होता मनात, खोटं कशाला बोलू. शेवटी रिझल्ट लागायच्या आधीच मेल केला, हॉस्पिटलचे कागद जोडले. उत्तर आलं की एक सत्र सूट, पुढच्या सत्रात अट पूर्ण कर, तोवर हप्ता चालू राहील. त्या मेलच्या खाली मॅडमनी लिहिलं होतं, आईंना कसं आहे ते कळव. मी दर दोन दिवसांनी कळवत होते. एकल पालकाच्या घरात एक माणूस आजारी पडलं की दुसरं कोणी नसतंच ना सांभाळायला, ही गोष्ट ज्यांनी स्वतः भोगलीय त्यांना समजावून सांगावी लागत नाही. पण रिझल्टनंतर कळवलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही, म्हणून आधी कळवा, नेहमी आधी.

आता तो कापलेला स्टार. तीन कारणं आहेत.

पहिलं, पहिल्या वर्षी हप्ता फीच्या तारखेनंतर सहा आठवड्यांनी आला. आईने ओळखीच्या काकूंकडून उसने घेऊन फी भरली. निवड वेळेत होते पण पैसे निघायला वेळ लागतो, आणि ज्या घरात मागे कोणी नाही त्यांनाच तो वेळ परवडत नाही. नंतरच्या वर्षी सुधारलं.

दुसरं मला जास्त लागतं. माझी एक मैत्रीण आजीकडे वाढली, आई वारलेली, वडिलांचा पत्ता नाही. तिने अर्ज केला, नाकारला. ट्रस्टच्या कागदात "पालकत्व निभावणारी आई किंवा वडील" असे शब्द आहेत, आजी त्यात बसत नाही. मी भांडले त्यांच्याशी, ते म्हणाले मूळ कागदातले शब्द बदलणं सोपं नसतं, वकिलांशी बोलतोय. ते खरंही असेल. ऑक्सफर्डला शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स स्कॉलरशिपचंच बघा ना, सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये वारले, त्यांच्या मृत्युपत्रात फक्त पुरुष विद्यार्थी होते, आणि मुलींची पहिली तुकडी यायला १९७७ उजाडलं, तेही ब्रिटनमध्ये कायदा बदलल्यावर. म्हणून कोणी आपल्या माणसाच्या नावाने अशी स्कॉलरशिप काढायचा विचार करत असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, पहिल्या दिवशीच शब्द रुंद ठेवा. आजी-आजोबा, मामा, मावशी, मोठी बहीण, जो कोणी एकट्याने मूल वाढवतोय तो. मैत्रिणीने पुढे नोकरी करत शिक्षण पूर्ण केलं, पण तिची दोन वर्षं गेली, ती कोणी परत देणार नाही.

तिसरं छोटं वाटेल. माझ्या वेळच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दुसऱ्या पालकाचं नाव, व्यवसाय, फोन हे रकाने सक्तीचे होते, लाल चांदणी असलेले. रिकामं ठेवलं की फॉर्म पुढेच जाईना. एकट्या पालकाच्या मुलांसाठीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म! मी शेवटी तिन्ही ठिकाणी एक टिंब टाकून पुढे गेले, आणि ते टिंब टाकताना मला जे वाटलं ते प्रगतिपुस्तकावरच्या त्या आडव्या रेघेसारखंच होतं. पहिल्या वर्षीच्या शेवटी ते अभिप्राय मागतात तेव्हा मी हे लिहून पाठवलं, त्यांच्याच पत्रातल्या झेरॉक्सची आठवण करून दिली.

अर्ज करणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, अर्जासाठी पैसे मागणारी कुठलीही स्कॉलरशिप दिसली की तिथून उठा. प्रोसेसिंग फी, रजिस्ट्रेशन, निवड झालीय फक्त एवढे भरा, असले मेसेज मलाही आले होते. आमच्यासारख्या घरांनाच ते बरोबर शोधतात.

परवा भाऊ फॉर्म भरत होता तेव्हा मी म्हणूनच शेजारी बसले होते. दुसऱ्या पालकाचा रकाना आला. तिथे आता "असल्यास" लिहिलंय आणि लाल चांदणी नाही. यादीत चौथा पर्याय आलाय, "इतर, थोडक्यात सांगा". त्याला यातलं काहीच माहीत नाही, त्याने रकाना रिकामा सोडला, पुढे दाबलं, आणि पुढचं पान उघडलं. त्याचं शाळेचं पत्र अजून यायचंय, निबंध अर्धा झालाय. शेवटच्या पानावर पालकाच्या सहीची एकच ओळ आहे, आई उद्या सकाळी ड्युटीवरून आली की करेल.