लॅटॅनोप्रॉस्ट, काही महिन्यांनंतर: औषधाला पैकीच्या पैकी, बाटलीला भोपळा

बाटली पुन्हा वेळेआधी संपली म्हणून लिहायला बसलोय. लॅटॅनोप्रॉस्ट म्हणजे काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब कमी करणारे थेंब. त्यापलीकडे काचबिंदू काय, दाब काय, हे सांगत बसत नाही. ज्याच्या मागे हे थेंब लागलेत त्याला सगळं पाठ असतं.

आधी हिशेब. 2.5 मिलीच्या बाटलीत साधारण 80 थेंब. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक, म्हणजे 40 दिवस. उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत, लेबलवर असेल तसं, ती टाकून द्यायची. कागदावर गणित चोख. माझ्याकडे मात्र तिसऱ्याच आठवड्यात खडखडाट! प्लास्टिक इतकं कडक की अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं तरी काही येत नाही, आणि आलं की तीन थेंब एकदम. एक डोळ्यात, एक पापणीवर, एक थेट कानाच्या दिशेने. मुळात डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, त्यात ही उधळपट्टी. वर बाटली अपारदर्शक, म्हणजे आत किती उरलंय ते कानाशी हलवून ओळखायचं.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, एकाच वेळी एकच थेंब टाकायचा असतो." वा!

औषधाबद्दल तक्रार नाही. दाब 26 वरून 18 वर आला. सुरुवातीला डोळे लाल व्हायचे, ते कमी झालं. पापण्यांचे केस एवढे वाढलेत की चष्म्याच्या काचेला घासतात. बायकोला हेवा वाटतो. बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि झालाच तर तसाच राहतो, पण माझी बुबुळं आधीच काळी, तो प्रश्न मिटला.

ब्रिटनमधली एक चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना हेच थेंब, काहींना दिसायला तसेच पण बिनऔषधाचे. दोन वर्षांत फील्ड, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं तो नजरेचा आवाका, बिघडलं ते थेंबवाल्यांपैकी 15.2 टक्क्यांचं, दुसऱ्या गटात 25.6 टक्क्यांचं. म्हणजे थेंब टाकूनही काहींचं बिघडतंच, म्हणून फील्ड टेस्टला दांडी नाही. ती मात्र वैतागवाणी. एक डोळा झाकून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. निम्म्या वेळा दिसला की भास झाला तेच कळत नाही.

ताजा कलम: वरचं लिहून झाल्यावर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीचं हेच औषध आणलं. बाटली मऊ, थेंब एकेकच पडतो, आणि महिना उलटला तरी आत औषध आहे. म्हणजे भोपळा सगळ्या बाटल्यांना नाही, त्या एकाच कंपनीला. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरतो, औषध नाकात उतरत नाही.

तरी बाटल्या जन्मभर घ्यायच्या, हे खिशाला खुपतंच. पूर्वी लेझरचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. पण 2019 ची लाइट नावाची चाचणी वाचली: आधी एसएलटी, म्हणजे डोळ्यातला दाब उतरवणारं लेझर, केलेल्यांपैकी सुमारे 74 टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनी बिनथेंबाचा ताब्यात होता. परिणाम कालांतराने ओसरू शकतो, पण पुन्हा करता येतं. माझ्या डोळ्यांना ते चालेल का, हे आता पुढच्या फॉलोअपला मीच विचारणार आहे.