निळे 'कोरी' मासे घेताना आधी डोळे बघा

गेल्या दिवाळीत मी घरच्या फिशटँकसाठी सहा निळे कोरी, म्हणजे कोरीडोरास हे तळाशी राहणारे छोटे मासे घेतले, अडीचशेला एक. दुकानदार म्हणाला, "साहेब, ब्राझीलचा माल आहे. रंग जन्माचाच, जाणार नाही." कोरीडोरास जातीचे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे मला माहीत होतं, त्यामुळे गोष्ट पटली. शिवाय "खाणं वेगळं घालू नका, तळाची घाण खाऊन जगतात" असंही त्याने सांगितलं.

आठवड्यात दोन मेले. एकाला बाहेर काढून नीट बघितलं, तर पाठीच्या पंखाखाली टाचणीच्या टोकाएवढी जखम आणि तिच्याभोवती रंग सगळ्यात गडद. पोट मात्र गुलाबीसर पांढरं. तेव्हा मला वाटलं, कशाला तरी घासला असेल.

तिसऱ्या महिन्यात उरलेल्या चौघांचा निळा रंग धुतल्यासारखा उतरायला लागला. बरीच वर्षं मासे पाळणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला: "अरे, डोळे बघ ना!" डोळे लालबुंद होते. हे साधे अल्बिनो कोरी. कोरीडोरास एनियस, म्हणजे ब्राँझ कोरी, त्याचीच अंगात काळा रंग नसलेली, फार्मवर वाढवलेली पैदास. त्यांना सुईने कातडीखाली रंग टोचतात, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर द्रावणाने काढून रंगात बुडवतात. तो थर म्हणजे माशाचं रोगापासूनचं संरक्षण. हे ऐकल्यावर पैशांपेक्षा त्या दोन माशांचं जास्त वाईट वाटलं. सहा-सात सेंटीमीटरचा जीव तो.

दुकानात गेलो तर आधी "तुमच्या पाण्यात दोष आहे", मग "सगळेच असा माल ठेवतात". बिलावर नुसतं 'फिश ६ नग' लिहिलेलं, त्यामुळे पुढे काही बोलता येईना. तुम्ही घ्याल तेव्हा माशाचं पूर्ण नाव आणि 'रंगवलेला नाही' हे बिलावर लिहून मागा. निळं, हिरवं, जांभळं अंग आणि लाल डोळे दिसले, तर काचेपासूनच मागे फिरा. घाण खाऊन जगतात हेही खोटं आहे. त्यांना तळाशी बुडणारं खाणं रोज लागतं आणि खाली बारीक वाळू लागते, धारदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात.

माझे चौघे आता वाळूत मिशा खुपसून हिंडतात, मधूनच सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेतात. तिघे पूर्ण गुलाबी झालेत. चौथ्याच्या शेपटीच्या बुडाशी अजून निळा डाग आहे.